पाळीव कुत्र्यांची भ्रमंतीतील सुरक्षितता (मुंबई)

घरात पाळलेल्या कुत्र्याला रस्ता, मैदान, समुद्रकिनारा, डोंगर किंवा प्रवासात नेताना त्याला, त्याच्यासोबतच्या माणसांना आणि परिसरातील इतर जिवांना इजा अथवा रोगबाधा होऊ नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या काळजीला पाळीव कुत्र्यांची भ्रमंतीतील सुरक्षितता असे म्हणता येईल. प्रस्तुत लेखात मुख्यतः गिरगाव, दादर, परळ, लालबाग या दक्षिण व मध्य मुंबईतील वस्त्यांचा आणि तेथील रहिवासी सुट्टीत जातात त्या सह्याद्रीतील डोंगरवाटांचा विचार केला आहे. मांजरांविषयीची माहिती स्वतंत्र विभागात दिली आहे.

या परिसरातील धोके ऋतूनुसार आणि जमिनीनुसार बदलतात. मार्च ते मे या काळात उष्माघात, पावसाळ्यात साचलेले पाणी व त्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यानंतर गोचीड व गवताची कुसळे, तर सणांच्या दिवसांत गर्दी व आवाज हे प्रमुख धोके होत. यांतील बहुतेक धोके आधीच ओळखता येतात. त्यामुळे घराबाहेर पडण्यापूर्वीची तयारी ही नंतरच्या उपचारांपेक्षा अधिक परिणामकारक ठरते. रेबीज व लेप्टोस्पायरोसिस हे दोन्ही आजार प्राण्यांकडून माणसालाही होतात. म्हणून कुत्र्याची सुरक्षितता हा कुटुंबाच्या आणि शेजाऱ्यांच्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

मुंबईच्या सार्वजनिक जीवनात कुत्र्यांचा प्रश्न फार जुना आहे. रस्त्यावरील कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध जून १८३२ मध्ये फोर्ट भागात दंगल उसळली. कुत्र्याला धार्मिक दृष्ट्या महत्त्वाचे मानणारा पारशी समाज त्यात अग्रभागी होता. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारी संस्था स्थापन झाली. पुढील दशकात सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले. त्याला त्यांच्या पत्नीच्या नावावरून ‘बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय’ असे नाव देण्यात आले. १८८६ मध्ये परळ येथेच मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. सध्या ते महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे.

प्लेगच्या साथीच्या काळात वाल्डेमार हाफकिन यांनी सुरू केलेली प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. १९२५ मध्ये तिला ‘हाफकिन संस्था’ हे नाव मिळाले. रेबीजची लस आणि सर्पदंशावरील प्रतिविष या दोन्ही विषयांत या संस्थेने काम केले. २०२४ मध्ये महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांसाठीचे मोठे रुग्णालय सुरू झाले. प्राण्यांच्या उपचारांशी निगडित इतक्या संस्था एवढ्या लहान परिघात असणे ही मध्य मुंबईची विशेषता आहे. तथापि उष्माघात किंवा सर्पदंशासारख्या प्रसंगी पहिली काही मिनिटे निर्णायक असतात आणि ती कुत्र्याच्या सोबत्याच्याच हाती असतात.

भ्रमंतीपूर्व तयारी

लसीकरण: पिल्लाचे प्राथमिक लसीकरण पूर्ण होण्यापूर्वी त्याला सार्वजनिक मैदानात, वाळूत किंवा अनोळखी कुत्र्यांमध्ये सोडणे धोक्याचे असते. पार्व्हो विषाणू मातीत अनेक महिने टिकून राहतो आणि लहान पिल्लांमध्ये त्याची बाधा बहुधा गंभीर स्वरूप धारण करते. रेबीजची पहिली लस साधारणतः तीन महिन्यांच्या वयात देतात. त्यानंतर पशुवैद्याने आखून दिल्याप्रमाणे पुढील मात्रा द्याव्या लागतात. लेप्टोस्पायरोसिसच्या लसीच्या पहिल्या दोन मात्रा काही आठवड्यांच्या अंतराने दिल्या जातात व पुढे ती दरवर्षी द्यावी लागते. मुंबईसारख्या शहरात ती पावसाळा सुरू होण्यापूर्वी पूर्ण झालेली असणे इष्ट असते.

ओळख: गळपट्ट्याला लावलेल्या पत्र्याच्या चकतीवर मालकाचा दूरध्वनी क्रमांक कोरलेला असावा. त्वचेखाली बसवण्याच्या मायक्रोचिपमध्ये पंधरा अंकी क्रमांक असतो व तो विशिष्ट यंत्राने वाचता येतो. चिपवरून कुत्रा कोठे आहे हे समजत नाही. सापडलेला कुत्रा कोणाचा आहे एवढेच नोंदीवरून ठरवता येते. म्हणून चिप बसवली असली तरी चकती अनावश्यक ठरत नाही, कारण रस्त्यावरच्या माणसाजवळ ते यंत्र नसते.

पट्टा: गर्दीच्या रस्त्यावर दीड ते दोन मीटर लांबीचा साधा, मजबूत पट्टा सर्वांत उपयुक्त ठरतो. आपोआप लांबणारा दोरीचा पट्टा वाहनांच्या रस्त्यावर धोकादायक असतो. चढउताराच्या वाटेवर गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरतात, कारण कुत्रा घसरल्यास गळपट्ट्याने श्वासनलिकेवर ताण येतो. छातीपट्ट्याला पाठीवर मूठ असल्यास कुत्र्याला उचलून घेणे सोपे जाते.

शारीरिक क्षमता: चाळीच्या किंवा सदनिकेच्या मर्यादित जागेत राहणाऱ्या कुत्र्याला एकदम दिवसभराच्या चढाईस नेणे योग्य नसते. चालण्याचे अंतर काही आठवड्यांत हळूहळू वाढवावे लागते. हाडांची वाढ पूर्ण न झालेली पिल्ले, वयस्क कुत्री, गाभण माद्या आणि हृदयविकार असलेली कुत्री यांना खडतर वाटेवर नेऊ नये.

उन्हाळा व उष्माघात

कुत्र्याच्या शरीराचे सामान्य तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. माणसाप्रमाणे सर्वांगाला घाम सुटून त्याचे शरीर थंड होत नाही. धापेवाटे तोंडातील व श्वसनमार्गातील ओलावा बाष्परूपाने बाहेर पडतो आणि त्याबरोबर उष्णता निघून जाते. हवेत आधीच बाष्प भरपूर असेल तर ही क्रिया मंदावते. मुंबईत एप्रिल–मे महिन्यांत तापमापकावरील आकडा विदर्भातल्याइतका मोठा नसतो. मात्र आर्द्रतेमुळे येथील उन्हाळा कुत्र्यांना अधिक जाचक ठरू शकतो. ‘आज फारसे ऊन नाही’ हा निकष म्हणूनच अपुरा आहे.

पग, शिह त्झू, बुलडॉग यांसारख्या आखूड नाकाच्या जातींचा श्वसनमार्ग अरुंद असतो, त्यामुळे त्यांना धोका सर्वाधिक असतो. सायबेरियन हस्कीसारख्या थंड प्रदेशातील दाट केसांच्या जातींनाही येथील हवा मानवत नाही. देशी कुत्री व महाराष्ट्र–कर्नाटकात आढळणारी कारवानी ही जात उष्णतेला तुलनेने अधिक तोंड देऊ शकतात, परंतु त्यांनाही उष्माघात होतो.

उन्हाळ्यात फिरवण्याची वेळ सूर्योदयाच्या सुमारास किंवा रात्री ठेवतात. डांबरी रस्ता, पेव्हर ब्लॉक व चौपाटीची कोरडी वाळू हवेपेक्षा बरीच अधिक तापते. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवून ठेवता येत नसेल तर ती जमीन कुत्र्याच्या पंजासाठी फार तापलेली आहे असे समजावे. विश्रांतीच्या अवस्थेत कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. श्रमाच्या वेळी ही गरज बरीच वाढते, म्हणून दहा किलो वजनाच्या कुत्र्यासाठी अर्धा लिटर पाणी हे किमान प्रमाण मानून त्याहून अधिक पाणी सोबत घ्यावे.

बंद मोटारीत कुत्र्याला ठेवून जाणे प्राणघातक ठरू शकते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी वाढते. काच थोडी खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

न थांबणारी धाप, लाल भडक हिरड्या, दाट लाळ, उलटी, झोकांड्या जाणे व शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा वेळी कुत्र्याला सावलीत नेऊन नळाच्या पाण्याने पूर्ण भिजवावे आणि वारा घालावा. ओले फडके अंगावर तसेच पांघरून ठेवल्यास आतली उष्णता कोंडते. तापमापक असल्यास गुदद्वारात तापमान मोजून ते ३९.५ अंशांवर आले की पाणी ओतणे थांबवतात. शुद्धीत नसलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नये. आधी थंड करणे व मग रुग्णालयाकडे निघणे हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रकृती सुधारल्यासारखी वाटली तरी मूत्रपिंड व यकृतावरील परिणाम नंतर दिसू शकतात, त्यामुळे पशुवैद्याकडून तपासणी आवश्यक असते.

पावसाळा व साचलेले पाणी

दादरचा हिंदमाता परिसर, परळ व लालबागचा काही भाग सखल आहे. जोराचा पाऊस व भरती एकाच वेळी आल्यास तेथे पाणी तुंबते. या पाण्यात गटारांचे पाणी व उंदीर-घुशींचे मूत्र मिसळलेले असते. त्यातून लेप्टोस्पायरा हा जिवाणू त्वचेवरील बारीक जखमांतून किंवा डोळे, नाक व तोंडाच्या ओल्या त्वचेतून शरीरात शिरतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरानंतर मुंबईत माणसांमध्ये लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली. तेव्हापासून पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चाललेल्या नागरिकांना वैद्यकीय सल्ला घेण्याचे आवाहन महापालिका वेळोवेळी करते.

कुत्रा अनवाणी असतो, त्याचे तोंड पाण्याच्या पातळीजवळ असते आणि तहान लागल्यास तो तेच पाणी पितो. त्यामुळे त्याला संसर्गाचा धोका माणसापेक्षा अधिक असतो. ताप, मलूलपणा, स्नायूंमध्ये वेदना, उलट्या, लघवीच्या प्रमाणात बदल आणि डोळे व हिरड्या पिवळ्या पडणे ही लक्षणे साधारणतः एक ते दोन आठवड्यांत दिसू लागतात. वेळेवर प्रतिजैविके मिळाल्यास आजार बरा होऊ शकतो. उशीर झाल्यास मूत्रपिंड व यकृत निकामी होण्याची भीती असते. बाधित कुत्र्याच्या मूत्रातून जिवाणू बाहेर पडतात, म्हणून त्याची लघवी साफ करताना रबरी हातमोजे वापरावेत, जंतुनाशक वापरावे आणि लहान मुलांना दूर ठेवावे. उपलब्ध लस जिवाणूच्या ठरावीक प्रकारांपासूनच संरक्षण देते. लस दिली आहे म्हणून कुत्र्याला तुंबलेल्या पाण्यातून नेणे समर्थनीय ठरत नाही.

साचलेल्या पाण्याखालचा रस्ता दिसत नाही, हा दुसरा धोका होय. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत परळ–प्रभादेवी भागात उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका ज्येष्ठ डॉक्टरांचा मृत्यू झाला. ज्या पाण्यात माणूस वाहून जातो तेथे पट्ट्याला बांधलेला कुत्राही सुरक्षित नसतो. ओल्या विजेच्या खांबातून किंवा उघड्या तारेतून पाण्यात विद्युतप्रवाह उतरण्याचीही शक्यता असते. खांबाजवळ जाऊन लघवी करण्याची सवय असलेल्या कुत्र्यांना पावसाळ्यात खांबांपासून दूर ठेवावे. कुत्र्याला विजेचा धक्का बसल्याचे दिसल्यास प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावू नये.

पावसातून परतल्यावर पंजे, पोट व बोटांमधील खाचा स्वच्छ पाण्याने धुऊन कोरड्या कराव्यात. ओलसर राहिलेल्या त्वचेवर बुरशीचा संसर्ग लवकर होतो.

चौपाटी व समुद्रकिनारा

गिरगाव व दादर या दोन्ही चौपाट्या कुत्र्यांना फिरवण्यासाठी लोकप्रिय आहेत. पावसाळ्याच्या दिवसांत वाऱ्याबरोबर ब्लू बॉटल नावाचे निळसर, फुग्यासारखे सागरी जीव किनाऱ्यावर येऊन पडतात. त्यांच्या लांब तंतूंतील दंशपेशी जीव मेल्यानंतरही काही काळ कार्यक्षम राहतात. हुंगण्याच्या किंवा चाटण्याच्या प्रयत्नात कुत्र्याच्या नाकाला व जिभेला दंश होतो. दंश झाल्यास हातमोजा घालून किंवा काडीने तंतू काढून टाकावेत आणि जागा समुद्राच्या पाण्याने धुवावी. वाळूने चोळल्यास उरलेल्या दंशपेशी फुटून वेदना वाढतात. जिभेला किंवा घशाला सूज आल्यास श्वास अडण्याचा धोका असल्याने त्वरित उपचार लागतात.

पाकट हा मासा उथळ पाण्यात वाळूखाली दडून बसतो व पाय पडल्यास शेपटीच्या काट्याने दंश करतो. २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनासाठी पाण्यात उतरलेल्या अनेक भाविकांना अशा दंशांमुळे रुग्णालयात जावे लागले होते. कुत्र्याला पाण्यात सोडताना हाही धोका ध्यानात घ्यावा लागतो.

समुद्राचे पाणी प्यायल्याने कुत्र्याला उलट्या व जुलाब होतात. प्रमाण अधिक असल्यास रक्तातील क्षार वाढून झटके येऊ शकतात. यावर गोड्या पाण्याचा स्वतंत्र साठा जवळ ठेवून ते थोड्या थोड्या वेळाने पाजणे हा साधा उपाय आहे. विसर्जनानंतरच्या दिवसांत वाळूत मूर्तींचे अवशेष, खिळे, तारा व काचा सापडतात. चौपाटीवर टाकलेल्या खाद्यपदार्थांसोबत लाकडी काड्या व प्लास्टिकही कुत्र्याच्या पोटात जाते.

भटकी कुत्री व रेबीज

शहरातील भटक्या कुत्र्यांची प्रत्येक टोळी आपली हद्द राखते. प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार (२००१ व त्यांची जागा घेणारे २०२३ चे नियम) निर्बीजीकरण व लसीकरणानंतर कुत्र्यांना त्यांच्या मूळ जागीच परत सोडले जाते. त्यामुळे फिरण्याच्या नेहमीच्या मार्गावरील कुत्री बहुधा तीच असतात. ठरावीक मार्ग व ठरावीक वेळ पाळल्यास ती सरावतात आणि संघर्ष कमी होतो. पिल्ले असलेल्या मादीजवळून किंवा खाणाऱ्या कुत्र्यांमधून आपला कुत्रा नेऊ नये. अंगावर आलेल्या टोळीपुढे धावत सुटल्यास पाठलाग वाढतो. सावकाश मागे सरणे व मध्ये पिशवी, छत्री अशी एखादी वस्तू धरणे अधिक उपयोगी पडते. भांडणाऱ्या कुत्र्यांच्या तोंडाजवळ हात घालू नये.

चावा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे हा माणूस व प्राणी दोघांसाठीही पहिला उपाय आहे. जखमेवर हळद, तिखट, चुना किंवा तेल लावू नये. लस घेतलेल्या पाळीव कुत्र्यालाही चाव्यानंतर लसीच्या पुढील मात्रा द्याव्या लागतात. माणसाला चावा किंवा ओरखडा झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाणे अत्यावश्यक आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर रोग जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो, तर वेळेवर घेतलेली लस त्याला रोखते.

सण, गर्दी व आवाज

गिरगावातील केशवजी नाईक चाळीतील सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ पासून, लालबागच्या गणेश गल्लीतील उत्सव १९२८ पासून आणि ‘लालबागचा राजा’ १९३४ पासून साजरा होतो. उत्सवाच्या दहा दिवसांत या वस्त्यांचे रस्ते अहोरात्र भरलेले असतात. कुत्र्याची श्रवणशक्ती माणसापेक्षा तीक्ष्ण असते. ढोल-ताशे, ध्वनिक्षेपक व फटाके यांनी बिथरलेला कुत्रा पट्टा तोडून पळतो व परतीची वाट चुकतो. म्हणून मिरवणुकीच्या व दिवाळीच्या दिवसांत कुत्र्याला गर्दी जमण्यापूर्वी फिरवून आणावे, फटाक्यांच्या वेळी घरातील आतल्या खोलीत ठेवावे आणि घरातही ओळखचकती काढू नये. आवाजाला अतिशय घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी पशुवैद्य औषध देऊ शकतात. मात्र माणसांची झोपेची किंवा शामक औषधे स्वतःच्या अंदाजाने देणे धोक्याचे असते.

सह्याद्रीतील भ्रमंती

प्रवेश व वन्यजीव: बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान किंवा पनवेलजवळचे कर्नाळा पक्षी अभयारण्य यांसारख्या संरक्षित क्षेत्रांत पाळीव कुत्रे नेता येत नाहीत. कर्नाळा किल्ला त्याच नावाच्या अभयारण्यात आहे, तर हरिश्चंद्रगड, रतनगड व कळसूबाई शिखर हे कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या क्षेत्रात येतात. त्यामुळे गड निवडण्यापूर्वी तो संरक्षित क्षेत्रात आहे काय, हे वन विभागाकडून जाणून घ्यावे लागते. या निर्बंधामागे दुहेरी कारण आहे. कुत्रा हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य आहे, तसेच कुत्र्यांमधील डिस्टेंपरसारखे रोग वन्य प्राण्यांपर्यंत पोहोचू शकतात. २०१८ मध्ये गुजरातमधील गीर येथे वीसहून अधिक सिंह मरण पावले, तेव्हा मृत सिंहांपैकी काहींमध्ये डिस्टेंपरचा विषाणू आढळला होता. संरक्षित क्षेत्राबाहेरील डोंगरांतही बिबट्याचा वावर असतो. मुक्कामाच्या वेळी कुत्र्याला तंबूबाहेर बांधून ठेवणे त्याच्या जिवावर बेतू शकते.

वाटा: कुत्रा कातळाची चढण सहज चढून जातो, परंतु तीच वाट उतरताना अडकतो. हरिहर गडावरील खड्या पायऱ्यांसारख्या किंवा लोखंडी शिड्यांच्या वाटा कुत्र्यांसाठी योग्य नसतात. चढताना प्रत्येक अवघड टप्प्यावर ‘येथून कुत्र्याला उचलून उतरवता येईल काय’ हा विचार करून मगच पुढे जावे. पायथ्याच्या गावातील कुत्री पर्यटकांमागोमाग गडावर येतात, हे सह्याद्रीत नेहमीचे दृश्य आहे. अशा वेळी पाळीव कुत्र्याला पट्ट्यावर ठेवावे आणि खाणे उघडे करू नये. गुरे, शेळ्या व कोंबड्या दिसताच पट्टा आखूड धरावा. पाळीव कुत्र्याने केलेली हानी गावकऱ्याच्या उपजीविकेवर घाव घालते.

सर्प: नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे महाराष्ट्रातील चार प्रमुख विषारी साप होत. फुरसे कोकण व सह्याद्रीत दगडांखाली, कपारींत आढळते आणि आकाराने लहान असल्याने चटकन नजरेस पडत नाही. हुंगत चालणाऱ्या कुत्र्याला दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. दंश झाल्यास कुत्र्याला चालू न देता उचलून न्यावे व गळपट्टा सैल करावा. जखम कापणे, चोखणे किंवा त्यावर दोरी आवळणे अपायकारक असते. या चारही सापांच्या विषावर चालणारे बहुगुणी प्रतिविष कुत्र्यांनाही देतात. साप पकडण्यात वा मारण्यात वेळ दवडू नये.

मधमाश्या: गडांच्या कड्यांवर व लेण्यांमध्ये आग्या माश्यांची मोठी मोहोळे असतात. धूर, उग्र वास व आरडाओरड यांनी त्या चवताळतात. हल्ला झाल्यास कुत्र्याला पट्ट्याने बांधून न ठेवता त्याच्यासह शक्य तितक्या दूर निघून जावे. अनेक दंश झालेल्या कुत्र्याला तातडीने उपचार लागतात.

गोचीड व कुसळे: तपकिरी गोचिडीमुळे अर्लिकिया व बबेसिया या रक्तातील परजीवींचा संसर्ग होतो. त्यालाच बोलीभाषेत गोचीडताप म्हणतात. ताप, भूक मंदावणे, फिकट हिरड्या, नाकातून रक्त येणे ही त्याची लक्षणे असून भ्रमंतीनंतर दोन-तीन आठवड्यांनीही ती दिसू शकतात. म्हणून पशुवैद्याला प्रवासाची माहिती सांगणे आवश्यक असते. घरी परतल्यावर कान, मान, काखा, जांघा व बोटांमधील भाग तपासावा. गोचीड चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ ओढून काढतात. ती बोटांनी चिरडू नये व जाळू नये. पावसाळ्यानंतर वाळलेल्या गवताची कुसळे पंजात व कानात शिरून आत सरकत जातात. कुत्रा एकसारखे डोके झटकत असेल किंवा पंजा चाटत असेल तर कुसळाची शक्यता तपासावी.

प्रवास

दुचाकीच्या पायठेवणीवर कुत्र्याला उभे करून नेण्याची पद्धत मुंबईत सर्रास दिसते, परंतु ती कुत्रा व चालक या दोघांसाठीही धोकादायक आहे. मोटारीत कुत्र्याला मागील आसनावर छातीपट्ट्याने बांधावे किंवा पिंजऱ्यात ठेवावे. डोके खिडकीबाहेर काढू दिल्यास डोळ्यांना इजा होऊ शकते. प्रवासापूर्वी तीन-चार तास जड अन्न देत नाहीत.

भारतीय रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत वातानुकूलित प्रथम श्रेणीचा संपूर्ण कूपे आरक्षित करून त्यात कुत्रा नेता येतो. अन्यथा त्याला शुल्क भरून गार्डच्या डब्यातील पिंजऱ्यातून पाठवावे लागते. वातानुकूलित द्वितीय व तृतीय श्रेणी, शयनयान आणि द्वितीय श्रेणीत कुत्र्यांना परवानगी नाही. लसीकरणाची नोंदवही प्रवासात सोबत असावी.

आहार व विषबाधा

सहलीतील खाद्यपदार्थांपैकी चॉकलेट, द्राक्षे व मनुका, कांदा-लसूण आणि झायलिटॉल हा कृत्रिम गोडवा असलेले पदार्थ कुत्र्यांना विषारी ठरतात. शिजलेल्या कोंबडीच्या हाडांचे टोकदार तुकडे घशात किंवा आतड्यात रुततात. आयबुप्रोफेनसारखी माणसांची वेदनाशामके कुत्र्यांना देऊ नयेत. वस्तीत व शेतात उंदरांसाठी ठेवलेले विष पोटात गेल्याची शंका आल्यास लक्षणांची वाट न पाहता वेष्टनासह पशुवैद्याकडे जावे, कारण काही विषांचा रक्तस्रावी परिणाम अनेक दिवसांनी दिसतो.

प्रथमोपचार पेटी

भ्रमंतीत सोबत ठेवण्याच्या किमान वस्तू पुढीलप्रमाणे होत:
• पाणी व घडी होणारे भांडे
• निर्जंतुक गॉझ, कापूस, चिकटून राहणारी पट्टी व बोथट टोकाची कात्री
• जखम धुण्यासाठी सलाईन व साबण
• चिमटा, रबरी हातमोजे, तापमापक
• जादा पट्टा, तसेच तोंड बांधण्यासाठी मऊ कापडी पट्टी
• कुत्र्याला उचलून नेण्यासाठी जाड चादर
• लसीकरणाच्या नोंदीची प्रत व जवळच्या दोन पशुवैद्यकीय दवाखान्यांचे क्रमांक

वेदनेत असलेला प्रेमळ कुत्राही चावू शकतो, म्हणून जखम हाताळण्यापूर्वी तोंड सैलसर बांधतात. मात्र उलटी होत असल्यास, श्वास लागत असल्यास किंवा उष्माघातात तोंड बांधू नये.

मांजरे

मांजराला भ्रमंतीसाठी नेण्याची प्रथा मुंबईत कमी आहे. पशुवैद्याकडे किंवा गावी नेताना त्याला बंद, हवेशीर पेटीतून न्यावे. कडेवर घेतलेले मांजर वाहनाच्या आवाजाने निसटण्याची शक्यता असते. चाळींच्या गॅलऱ्या व उंच इमारतींच्या खिडक्यांतून मांजरे पडण्याचे प्रकार घडतात. त्यावर जाळी हाच खात्रीचा उपाय आहे. कुत्र्यांसाठीच्या काही गोचीडनाशकांत परमेथ्रिन हे द्रव्य असते व ते मांजरांना विषारी आहे. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते.

कायदेशीर बाबी

मुंबईत पाळीव कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना घ्यावा लागतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्याला अनावश्यक यातना होतील अशा रीतीने वाहून नेणे किंवा दीर्घकाळ आखूड साखळीने बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ (पूर्वीचे भारतीय दंड संहितेतील कलम २८९) ताब्यातील प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये यासाठी पुरेशी काळजी न घेणाऱ्यास शिक्षेची तरतूद करते. सार्वजनिक जागी पाळीव प्राण्याने केलेली घाण उचलणे ही मालकाची जबाबदारी आहे. कुत्र्यांच्या विष्ठेतील जंतांची अंडी व अळ्या वाळूत व मातीत टिकून राहतात आणि त्यांची बाधा अनवाणी खेळणाऱ्या मुलांना होऊ शकते. त्यामुळे या नियमाचा संबंध स्वच्छतेइतकाच सार्वजनिक आरोग्याशीही आहे.